बत्तीस मिनिटांचा स्टेटर

मुलीच्या लग्नात व्याह्यांनी मला विचारलं होतं, "कारखान्यात आपण नक्की काय करायचात?" मी सांगितलं, "एका पंपाला किती खर्च येतो ते काढायचो." ते म्हणाले, "त्यासाठी माणूस ठेवतात?" प्रश्न रास्त होता. सोलापूर रस्त्यावरच्या एका पंपांच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं एवढंच केलं. आता या अंकासाठी आपल्या कामाबद्दल लिहा म्हणून संपादकांचा निरोप आला, तेव्हा माझ्यापुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे कॉस्टिंगवर चार पानं लिहायची, जी संपादकांच्या घरातही कोणी वाचणार नाही. दुसरा, जे घडलं ते लिहायचं. दुसरा मार्ग मी वीसेक वर्षं टाळत आलो आहे.

तरी थोडं कॉस्टिंग सांगावंच लागेल, नाहीतर माझी चूक तुम्हाला कळणार नाही. घरी मिसळ केली तर एका बशीला काय पडलं हे कसं काढाल? मिसळ सगळ्यात वर. तिच्या खाली उसळ, रस्सा, फरसाण. रस्स्याच्या खाली वाटण. वाटणाच्या खाली कांदा, खोबरं, लसूण. हिशोब खालून करत वर यायचं. आधी वाटण किती पडलं, मग रस्सा किती पडला, मग बशी. प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी हात लागलेले असतात, ती मजुरी त्या त्या पायरीवर मिळवायची. शिवाय कांदा वाटणातही असतो आणि वर चिरूनही घालतात. एका ठिकाणचा विसरलात तर मिसळ स्वस्त दिसते आणि एकच कांदा दोनदा धरलात तर महाग. आमच्या पंपात अशा चारेकशे वस्तू होत्या आणि पायऱ्या सहा. बाकी काम हेच.

आणखी एक गोष्ट. मजुरीच्या प्रत्येक रुपयावर आम्ही अडीच रुपये वरखर्च चढवायचो. वरखर्च म्हणजे वीज, वॉचमन, कँटीन, मॅनेजरची गाडी आणि माझा पगार. ज्यांच्या हातांचा खर्च मी मोजत होतो त्यांच्याच डोक्यावर माझाही खर्च बसवत होतो. त्या काळात मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जगभर असंच करतात असं पुस्तकात होतं.

मी लागलो तेव्हा आमचे प्रमुख होते परचुरे अण्णा. शुक्रवार पेठेत राहायचे, सायकलवर यायचे आणि कोणी 'साधारण किती?' असं विचारलं तर 'साधारण आम्ही काढत नाही' असं उत्तर द्यायचे. प्रत्येक वस्तूचं त्यांनी एक कार्ड केलेलं होतं. त्यावर माल किती लागतो आणि मजुरीची मिनिटं किती ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. काही कार्डांवर मिनिटांच्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केलेला असायचा. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी मला त्याचा अर्थ सांगितला होता. लाल गोलातली मिनिटं खालच्या सगळ्या पायऱ्यांची धरून आहेत, त्यांत पुन्हा खालची मिळवायची नाहीत. हाताने बेरजा मारायच्या दिवसांत ती मोठी सोय होती. वरचं एक कार्ड काढलं की मजुरीचं काम झालं. मला हे माहीत होतं, हे इथेच सांगून ठेवतो.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये वाइंडिंग सेक्शन होता. पंपाच्या मोटरीत स्टेटर नावाचा एक लोखंडी गाभा असतो, त्याच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवावी लागतात. ते काम एकतीस बायका करायच्या. बहुतेक लोणी काळभोरच्या, काही आसपासच्या वाड्यांवरच्या. काम तीन टप्प्यांत चालायचं. आधी तारेची वेटोळी करायची, मग ती खाचांत एकेक करून भरायची, मग टोकं जोडून सगळं दोऱ्याने घट्ट बांधायचं. बांधण्याची त्यांची एक ठरलेली गाठ होती, दोन आडवे फेरे आणि एक उलटा. मोटर जळली तरी ती गाठ सुटत नसे. सेक्शनच्या प्रमुख हिराबाई. चौथी शिकलेल्या, उंच, आवाज मोठा. साहेब लोकांशी त्या नीट बोलायच्या, पण खाली बघून बोलायच्या नाहीत, आणि हे वरच्या मजल्यावर अनेकांना खटकायचं.

अण्णा निवृत्त झाल्यावर मी प्रमुख झालो आणि नवीन छापील कार्डं आणली. त्यांत मजुरी 'फक्त या टप्प्याची' लिहायची, लाल गोल वगैरे बंद. त्यासाठी स्टॉपवॉच घेतलेली दोन माणसं सेक्शनमागून सेक्शन फिरून कामाची मिनिटं मोजत होती. वाइंडिंगमध्ये ती एकदाच गेली. बायकांच्या डोक्यावर घड्याळ घेऊन उभं राहायचा त्यांना आधीच संकोच. त्यात हिराबाईंनी दोघांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि चहा संपेपर्यंत एकतीस बायका हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे बघत बसल्या. पुन्हा ते तिकडे फिरकले नाहीत. मला म्हणाले, तिथली जुनी कार्डं चांगली आहेत, तीच राहू द्या. मीही म्हणालो, राहू द्या. म्हणजे सगळ्या कारखान्याची कार्डं नव्या पद्धतीची झाली आणि वाइंडिंगची तेवढी अण्णांच्या हातची राहिली.

मग कॉम्प्युटर आला. एक गारेगार खोली, तिच्या दाराशी चपला काढायच्या. पहिल्यांदा सगळ्या पंपांचा हिशोब लावला तेव्हा तो दोन दिवस फिरतच राहिला. फौंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या खात्यातल्या, शहाण्यांनी ओतीव कामाच्या मालात त्याच ओतकामाचं भंगार लिहून दिलं होतं, त्यामुळे कॉम्प्युटर ओतीवात उतरून भंगारात, भंगारातून पुन्हा ओतीवात असा गोल गोल हिंडत होता. ती चूक मी अर्ध्या तासात पकडली आणि माझं फार कौतुक झालं. त्या कौतुकाने मला वाटलं की आता यात चूक उरली नाही.

कार्डांवरचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायला दुसऱ्या खात्यातली माणसं होती. त्यांच्या फॉर्मवर मिनिटांसाठी चौकोन होता. लाल गोलासाठी कुठेच जागा नव्हती. वाइंडिंगच्या तीन कार्डांवर अण्णांनी लिहिलं होतं: वेटोळं दहा मिनिटं, भरलेला स्टेटर चोवीस, बांधलेला स्टेटर बत्तीस. शेवटचे दोन आकडे लाल गोलात. म्हणजे एका स्टेटरला सगळे मिळून बत्तीस मिनिटं. कॉम्प्युटरने खालून वर येताना दहा, चोवीस आणि बत्तीस यांची बेरीज केली आणि सहासष्ट काढली. त्या सहासष्टांवर अडीचपट वरखर्च चढला. तो कागद माझ्या टेबलावर आला, त्यावर मी सही केली.

आमचे वर्क्स मॅनेजर होते सबनीस. माणूस वाईट नव्हता. त्यांना मुंबईच्या हेड ऑफिसातून दर महिन्याला खर्च कमी करण्याबद्दल पत्र यायचं आणि ते पत्र ते खिशात घेऊन फिरायचे. माझा कागद बघून त्यांचे डोळे चमकले. बिबवेवाडीतल्या एका वर्कशॉपवाल्याने स्टेटर भरून देण्याचा भाव दिला होता, तो आमच्या कागदावरच्या खर्चापेक्षा बराच कमी होता. सेक्शन बंद करून काम बाहेर द्यायचं, बायकांना काहीतरी देऊन घरी पाठवायचं, असं बोलणं सुरू झालं. कारखान्यात अशा गोष्टी लपत नाहीत. कँटीनमधून ही बातमी त्याच दिवशी मागच्या शेडमध्ये पोचली असणार.

निर्णयाच्या मीटिंगच्या दिवशी सकाळी हिराबाई जिना चढून आमच्या ऑफिसात आल्या. त्या याआधी कधी वर आल्या नव्हत्या. हातात कॅलेंडरचं फाटकं पान, त्याच्या मागे एकतीस ओळी आणि प्रत्येक ओळीत उभ्या रेघा. आठवडाभर प्रत्येक बाईने दिवसाला किती स्टेटर केले ते त्यांनी टिपलं होतं. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी बसा म्हणालो नाही.

"साहेब, तुमच्या कागदावर एका स्टेटरला सासष्ट मिनिटं लावल्यात म्हनं. जेवणाची सुट्टी सोडून आमी साडेसात तास काम करतो. सासष्टानं सातसुदिक होत न्हाईत. आमी दिसाला मानशी चौदा करतो. हे बगा."

त्यांनी जे सांगितलं ते अचूक होतं. साडेसात तासांची साडेचारशे मिनिटं, त्यांना बत्तिसाने भागलं तर चौदा, आणि सहासष्टाने भागलं तर सातही नाहीत. ते पान मी दोन मिनिटं नीट पाहिलं असतं तर मला कळलं असतं, कारण तो भागाकार करण्याचाच मी पगार घेत होतो. पण मी पानाला हात लावला नाही. ऑफिसातले सहा-सात जण बघत होते, आणि मागच्या शेडमधली एक बाई मला माझा आकडा चुकलाय म्हणून सांगत होती. आमच्या पेठांमधून आलेल्या माणसाच्या तोंडी अशा वेळी जे येतं तेच माझ्या तोंडी आलं.

"अहो हिराबाई, आता कॉस्टिंगही आपणच बघणार का? मग मी खाली येऊन तार गुंडाळतो."

सगळे हसले. मला आठवतं, हसू ओसरल्यावर मलाही बरं वाटलं होतं. हिराबाईंनी पानाची घडी केली, कमरेला खोचली आणि त्या गेल्या. दुपारी मीटिंग झाली. सबनीसांनी विचारलं, आकड्यांची खात्री आहे ना? मी म्हणालो, कॉम्प्युटरने काढलेत. सकाळच्या गोष्टीबद्दल मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं मला त्यात काही वाटलंच नाही.

दोन महिन्यांनी सेक्शन बंद झाला. बायकांना ओळीत उभं करून सह्या आणि अंगठे घेतले. शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी ठेवायला लागले. वर्षाच्या शेवटी मला बढती मिळाली आणि सबनीसांनी सगळ्यांसमोर सांगितलं की लिमयेंच्या कॉस्टिंगमुळे आपल्याला हे दिसलं. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

पंप स्वस्त व्हायला हवा होता. झाला महाग. बिबवेवाडीच्या मोटरी जळून परत येत होत्या हा एक भाग झाला. पण वॉचमन तोच होता, शेडमधले दिवे तेच, मॅनेजरची गाडी तीच. वाइंडिंगच्या मजुरीवर आम्ही जो वरखर्च चढवला होता तो कारखान्यातच राहिला आणि उरलेल्या सेक्शनांवर जाऊन बसला. बाया गेल्या, खर्च गेला नाही. मुंबईचं पत्र पुन्हा आलं आणि सबनीसांनी मला बोलावून कारण शोधायला सांगितलं. मी कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि अण्णांसारखा पेन्सिल घेऊन पंपाच्या वरच्या पायरीवरून एकेक पायरी खाली उतरत गेलो. तिसऱ्या दिवशी कपाटातून वाइंडिंगची कार्डं काढली आणि लाल गोल दिसले.

बाहेरचा भाव आमच्या बत्तीस मिनिटांच्या खर्चापेक्षा जास्तच होता. ज्यांना महाग म्हणून घरी पाठवलं, त्या सगळ्यात स्वस्त होत्या. संध्याकाळी मी सायकलवरून अण्णांकडे गेलो. का गेलो कोण जाणे, कदाचित चुकीत त्यांचाही थोडा वाटा आहे असं त्यांनी म्हणावं अशी माझी इच्छा असावी. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गोल केला होता ना?"

मी हो म्हणालो. ते वर्तमानपत्र वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी सबनीसांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले की बिबवेवाडीशी करार झालाय, बायकांनी सह्या केल्यात, हे आता बाहेर पडलं तर युनियन आपल्याला उभं जाळेल. कार्डं दुरुस्त करा आणि पुढे चला. मी कार्डं दुरुस्त केली. पुढे चललो. हे मला कोणी धमकावून करायला लावलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं काही नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली, चांगली केली. माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी शिकवलं की कागदावरची मिनिटं खाली जाऊन हातांशी ताडून बघा. का शिकवतो ते कधी सांगितलं नाही. मी निवृत्त झालो, पुढे कारखाना विकला गेला आणि त्या जागी बारा मजली इमारती उभ्या राहिल्या.

मागच्या हिवाळ्यात मंडईबाहेर एक म्हातारी मेथी विकत बसली होती. जुडी उचलली तर ती दोऱ्याने बांधलेली, दोन आडवे फेरे आणि एक उलटा. मी विचारलं, तुम्ही पंपाच्या कारखान्यात होतात का? तिने मान वर करून बघितलं. शेवंता नाव तिचं, खाचा भरणाऱ्यांतली. तिने मला ओळखलं नाही, ऑफिसातला कोणीतरी एवढंच तिला कळलं. मी इकडचं तिकडचं विचारलं. कोणी शेतावर रोजाने जाते, कोणी कॉलेजच्या मेसमध्ये भांडी घासते, काही गेल्या. हिराबाई कशा आहेत असं विचारल्यावर मात्र तिचा चेहरा कडू झाला.

"तिचं नाव नका काढू. वर जाऊन सायबाशी भांडली, म्हनून समद्यांचं काम गेलं. गप बसली असती तर चाललं असतं. आमी कोनीच बोलत न्हाय तिच्याशी."

मी मेथी घेतली, पैसे दिले आणि घरी आलो. तिथल्या तिथे तिला खरं सांगता आलं असतं. आजूबाजूला गर्दी होती असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या चुकीने एकतीस जणींची नोकरी गेली हे मी वीस वर्षं कसंबसं गिळून बसलो होतो. पण जी एकटी माझी चूक सांगायला आली, तिच्यावरच ती चूक टाकली गेली आणि तिच्याच माणसांनी तिला वाळीत टाकलं, हे मला माहीत नव्हतं. तीन आठवडे मी नीट जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता?"

मग एका सकाळी बसने लोणी काळभोरला गेलो. हिराबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. त्या ओसरीवर डाळ निवडत होत्या. उंची तशीच, पण पाठ वाकलेली. मी नाव सांगितलं. त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि मला बसा म्हणाल्या. मी लाल गोलापासून सुरुवात केली, कॉम्प्युटर, दहा, चोवीस, बत्तीस, मंडईत शेवंता काय म्हणाली तेही, सगळं. त्या निवडता निवडता ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, हे कधी कळलं? मी म्हणालो, काम बंद झाल्यावर आठ-नऊ महिन्यांनी.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील, निदान रडतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

"मला सांगून काय उपेग, साहेब? मला ठावंच व्हतं. चला."

कुठे ते त्यांनी सांगितलं नाही. दोन गल्ल्या ओलांडून त्या मला शेवंताच्या घरी घेऊन गेल्या. दाराशी हिराबाई थांबल्या, उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. शेवंता मेथी धुऊन पोत्यावर पसरत होती. हिराबाईंना बघून तिने मान फिरवली, मग मला ओळखून पुन्हा बघितलं. मी पुन्हा कार्डांपासून सुरुवात केली तेव्हा हिराबाई मागून म्हणाल्या, "सोपं सांगा."

मी सोपं सांगितलं. म्हणालो, तुमचं काम हिराबाईंमुळे गेलं नाही. हिशोब माझा चुकला होता. हिराबाई तेच सांगायला वर आल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. मी त्यांचं ऐकलं नाही, आणि पुढे कळल्यावरही कोणाला सांगितलं नाही.

शेवंताचे हात ओले होते, ते तिने पदराला पुसले. मग माझ्याकडे न बघता, वीस वर्षांत पहिल्यांदा तिने हिराबाईंकडे पाहून विचारलं,

"मग आता कामावर घेत्यात व्हय?"

"नाय," हिराबाई म्हणाल्या. "नुसतं सांगाया आल्यात."